ताबा, तारीख आणि न्यायाधीशांविरुद्धची तक्रार

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील रेंगाळलेल्या दाव्यांविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो: दावा लांबवणाऱ्या न्यायाधीशांवर कारवाई का होत नाही? त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. लेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : गिरगावातील आमच्या वडिलोपार्जित चाळीतील दोन खोल्यांचा ताबा मिळावा म्हणून मी २०११ साली लघुवाद न्यायालयात दावा दाखल केला. मुलाचे लग्न ठरले होते आणि त्याला राहण्यास जागा नव्हती, हे दाव्याचे मुख्य कारण. मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला. मधल्या काळात अनेक न्यायाधीश बदलले. सध्याचे न्यायाधीश प्रत्येक वेळी पुढची तारीख देतात. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते का, आणि त्यासाठी तक्रार कोणाकडे करावी? (एक ज्येष्ठ वाचक, मुंबई)

कारवाई होऊ शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा व त्याखालील न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, आणि या नियंत्रणात शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकारही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली पश्चिम बंगालच्या नृपेंद्रनाथ बागची प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्रातील न्यायिक अधिकाऱ्यांची विभागीय चौकशी १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांच्या चौकटीत होते. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे येथपासून सक्तीची निवृत्ती आणि बडतर्फी येथपर्यंतच्या शिक्षा त्यांत आहेत. बडतर्फीचा आदेश राज्यपालांच्या नावाने निघत असला तरी तो उच्च न्यायालयाच्या शिफारशीशिवाय निघत नाही. मंत्री, आमदार किंवा विधी व न्याय विभाग यांना येथे काही करता येत नाही, आणि ते तसेच असावे.

मात्र दावा पंधरा वर्षे चालला, एवढ्यावरून आज त्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीने गैरवर्तन केले असे सिद्ध होत नाही. आपल्याच पत्रात म्हटल्याप्रमाणे अनेक न्यायाधीश बदलले. मग विलंब नेमका कोणाच्या खात्यावर टाकायचा? याचे उत्तर मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो म्हणजे दाव्याच्या संपूर्ण रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय घडले याच्या न्यायालयातील नोंदींची) प्रमाणित नक्कल काढणे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला दिलेला ओळखक्रमांक) टाकला की तारखांची यादी दिसते, पण यादीत ‘पुढील तारीख’ यापलीकडे बरेचदा काही नसते. रोजनामा वाचावा लागतो.

मी असे बरेच रोजनामे वाचले आहेत, आणि त्यांतील नोंदी साधारण अशा असतात: ‘वादी व वकील हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज, निशाणी ४१. वादीची हरकत नाही. मंजूर.’ त्याखाली: ‘समन्स बजावणी न होता परत.’ पुढे: ‘न्यायाधीश रजेवर.’ ‘वकील कामकाजापासून अलिप्त.’ ‘प्रतिवादी क्रमांक २ मयत, वारस दाखल करणेसाठी.’ ‘वादीचे साक्षीदार गैरहजर, शेवटची संधी.’ आणि त्यानंतर दोन पानांवर पुन्हा एकदा ‘शेवटची संधी’. पेन्सिल घेऊन प्रत्येक तारखेसमोर विलंब आपल्या बाजूचा, समोरच्या बाजूचा की न्यायालयाचा, अशी खूण करावी. हे काम वकिलांवर न सोपवता स्वतः करावे, असा माझा आग्रह आहे, कारण ‘वादीची हरकत नाही’ हे शब्द आपल्याच वकिलांनी किती वेळा उच्चारले आहेत हे पाहून अनेक पक्षकारांचा राग दिशा बदलतो.

खुणा केल्यावर न्यायालयाच्या बाजूला काय उरते ते तपासावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नुसार सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा २००२ पासून नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात या नियमाला थोडी सैल जागा ठेवली: पक्षकाराच्या हाताबाहेरच्या असाधारण परिस्थितीत चौथी तहकुबीही देता येते, पण कारण नोंदवून आणि खर्च लादून. त्यामुळे बारावी तारीख पडली हा तक्रारीचा मुद्दा होत नाही. आपल्या लेखी हरकतीनंतरही, कोणतेही कारण न नोंदवता आणि एक रुपयाही खर्च न लावता त्याच पक्षाला त्याच कारणासाठी पुन्हा पुन्हा मुदत मिळाली, हा मात्र होतो. एखाद्या अर्जावर युक्तिवाद ऐकून आदेश महिनोन्महिने पुढे ढकलणे, प्रत्यक्षात घडलेले कामकाज रोजनाम्यात न उतरवणे, वेळेवर न्यायासनावर न बसणे या गोष्टीही त्यातच येतात. याउलट लघुलेखक नाही, बेलिफ (न्यायालयाचे आदेश बजावणारे कर्मचारी) अपुरे आहेत, एकाच न्यायाधीशाकडे दोन न्यायालयांचा कार्यभार आहे, अशा कारणांनी झालेला उशीर व्यवस्थेचा असतो. त्याबद्दल त्या न्यायाधीशांना जबाबदार धरणारी तक्रार उच्च न्यायालयात पहिल्याच वाचनात बाजूला पडते.

तक्रार करण्याजोगे काही खरोखर सापडले, तर मुंबईतील लघुवाद न्यायालयासाठी तेथील मुख्य न्यायाधीशांकडे, जिल्ह्यांत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अथवा थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे अर्ज करता येतो. दोन पथ्ये पाळावीत. सरन्यायाधीशांनी २०१४ साली सर्व उच्च न्यायालयांना कळवलेल्या सूचनेनुसार कनिष्ठ न्यायालयांतील न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो. साध्या कागदावरचा संतप्त मजकूर कोणी वाचत नाही. दुसरे, अर्जाच्या प्रती मुख्यमंत्र्यांपासून वृत्तपत्रांपर्यंत पाठवू नयेत. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ६ चे संरक्षण सद्‌भावनेने उच्च न्यायालयाकडे किंवा दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे केलेल्या निवेदनाला आहे. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरवला तर ते संरक्षण मिळत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. तक्रार यशस्वी झाली तरी आपल्याला खोल्यांचा ताबा मिळणार नाही. चौकशी न्यायाधीशांची होईल, दाव्याची नव्हे. दावा पुढे सरकवायचा असेल तर आधी त्याच न्यायालयात वयाचा दाखला जोडून लवकर सुनावणीचा अर्ज द्यावा. ज्येष्ठ नागरिकांच्या प्रकरणांना प्राधान्य देण्याची पद्धत आहे, पण ती मागितल्याशिवाय सहसा लागू होत नाही. त्याचा उपयोग झाला नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या न्यायालयांवरील देखरेखीच्या अधिकाराखाली, उच्च न्यायालयाकडे जाता येते. येथे एक बदल लक्षात ठेवावा: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय वकील संघटनेच्या प्रकरणात असे म्हटले की, वरिष्ठ न्यायालयांनी एखाद्याच प्रकरणासाठी ‘अमुक महिन्यांत निकाली काढा’ असे वेळापत्रक असाधारण परिस्थितीशिवाय ठरवून देऊ नये, कारण त्यामुळे रांगेत पुढे असलेल्या इतरांवर अन्याय होतो. म्हणून केवळ ‘सहा महिन्यांत निकाल द्यावा’ एवढीच मागणी करण्याऐवजी रोजनाम्यातील नोंदी दाखवून आपले प्रकरण असाधारण का आहे ते मांडावे.

राहता राहिला मुलगा चाळिशीत गेल्याचा मुद्दा, ज्याचा आपण पत्रात ओझरता उल्लेख केला आहे, पण जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ खाली वाजवी व प्रामाणिक गरज सिद्ध करावी लागते, आणि प्रतिवादी आता ‘मुलाचा संसार दुसरीकडे मांडला गेला, गरज संपली’ असे म्हणणारच. गया प्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव या २००१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न होता. मुलाच्या दवाखान्यासाठी जागा मागितली होती आणि दावा रेंगाळत असताना मुलगा सरकारी नोकरीत गेला होता. गरज दावा दाखल झाल्याच्या दिवशी होती की नाही हे पाहायचे, आणि न्यायव्यवस्थेच्या संथपणाची शिक्षा घरमालकाला द्यायची नाही, असे न्यायालयाने तेथे ठरवले. गरज पूर्णपणे नाहीशी करणारी घटना घडली तर गोष्ट वेगळी. हा निवाडा आपल्या वकिलांच्या फाइलमध्ये आहे का, ते पाहावे.

प्रश्न : पुण्यातील आमच्या दुकानगाळ्याच्या दाव्यात अंतिम युक्तिवाद होऊन सात महिने झाले. बोर्डावर दर वेळी ‘निकालासाठी’ असे लागते आणि तारीख पडते. आता न्यायाधीशांची बदली झाल्याचे कळते. पुढे काय?

विलंबाच्या सर्व प्रकारांत हा प्रकार न्यायाधीशांच्या एकट्याच्या खात्यावर सर्वांत स्वच्छपणे पडतो. येथे ना साक्षीदार गैरहजर असतो, ना वकील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नुसार सुनावणी संपल्यावर निकाल लगेच, शक्य नसेल तर ३० दिवसांत आणि असाधारण कारण असल्यास ६० दिवसांत द्यायचा असतो. मुदत उलटली म्हणून निकाल बेकायदा ठरत नाही, पण विनाकारण अनेक प्रकरणांत असे घडत असेल तर गोपनीय अहवालात आणि प्रसंगी चौकशीत त्याची दखल घेतली जाते.

बदली झालेल्या न्यायाधीशांनी निकाल लिहून ठेवला असेल तर नवे न्यायाधीश तो वाचून दाखवू शकतात. लिहिलेला नसेल तर युक्तिवाद पुन्हा करावे लागतील. पुरावा मात्र पुन्हा नोंदवावा लागत नाही, जेथे थांबला तेथून काम पुढे चालते. नवे न्यायाधीश रुजू झाल्यावर पहिल्याच तारखेला लेखी युक्तिवाद दाखल करून ‘तोंडी युक्तिवाद अर्ध्या तासात आटोपतो’ असे सांगणे सर्वांत फायद्याचे. बदलीची वाट न पाहता, काही महिने आधीच, निकालासाठी विनंतीअर्ज द्यायला हवा होता. वकील हा अर्ज द्यायला कचरतात, न्यायाधीशांची मर्जी खप्पा होईल असे त्यांना वाटते. ते वाटणे अगदीच निराधार नाही, पण पक्षकाराने त्यापायी सात महिने मोजावेत हेही योग्य नाही.

उच्च न्यायालयात राखून ठेवलेल्या निकालांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बिहारमधील अनिल राय यांच्या प्रकरणात पायऱ्या आखून दिल्या आहेत: तीन महिने उलटल्यास पक्षकाराला लवकर निकालासाठी अर्ज करता येतो, सहा महिने उलटल्यास प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्यावे अशी विनंती मुख्य न्यायमूर्तींना करता येते. आपल्या प्रकरणात रिट याचिका झाली तर हे उपयोगी पडेल. खालच्या न्यायालयांना इतकी स्पष्ट शिडी नाही, आणि ती असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी भाडेकरू आहे. आमचे मालक उघडपणे सांगतात की निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही तर ते न्यायाधीशांची उच्च न्यायालयात तक्रार करतील. अशा दडपणाखाली आम्हाला न्याय कसा मिळणार? (नाशिक)

आपली भीती समजण्यासारखी आहे, आणि या सदरात तक्रारीचे मार्ग सांगताना तिचा विसर पडू नये म्हणून आपले पत्र मुद्दाम घेतले आहे. तालुक्याच्या न्यायालयात दोन्ही बाजूंपैकी एक तरी रोज नाराज होऊन घरी जाते. प्रत्येक नाराजीची तक्रार झाली आणि प्रत्येक तक्रारीची चौकशी झाली, तर न्यायाधीश कागद वाचण्याऐवजी पक्षकारांचे चेहरे वाचू लागतील. ईश्वरचंद जैन यांच्या १९८८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावले की, आपल्या प्रामाणिक न्यायिक अधिकाऱ्यांना खोडसाळ तक्रारींपासून सांभाळणे हेही त्यांचेच काम आहे. २०१९ साली बिहारचे न्यायिक अधिकारी कृष्ण प्रसाद वर्मा यांच्यावरील कारवाई रद्द करताना हेच आणखी स्पष्ट झाले: निर्णय चुकीचा आहे एवढ्यावरून शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही, बाह्य हेतूचा पुरावा लागतो. चुकीच्या निर्णयाला उत्तर अपील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ३४ खाली ते ३० दिवसांत करता येते.

म्हणजे निकाल मालकांच्या विरुद्ध गेला म्हणून केलेली तक्रार टिकणार नाही. सुनावणीत अशी धमकी उघडपणे दिली गेली तर ती त्याच दिवशी रोजनाम्यात नोंदवण्याची विनंती आपल्या वकिलांनी करावी. त्याचबरोबर आपलीही बाजू स्वच्छ ठेवावी. भाडे नियमितपणे न्यायालयात भरत राहा, आणि मुदतीचे अर्ज देऊ नका. थकबाकीच्या कारणावरून दावा असेल तर समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरून ताबा वाचवण्याची संधी त्याच अधिनियमाचे कलम १५ देते. ती हुकली की मग तक्रारींचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : विलंबामुळे झालेले नुकसान न्यायाधीशांकडून वसूल करता येईल का?

नाही. न्यायिक काम करताना केलेल्या कृतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून त्यांना न्यायाधीश (संरक्षण) अधिनियम, १९८५ चे कवच आहे. त्या कवचात उच्च न्यायालयाची शिस्तभंगाची कारवाई येत नाही, एवढेच. भरपाई मागायची ती विलंब करणाऱ्या प्रतिपक्षाकडून: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-ब खाली विलंबाचा खर्च लावून घ्यावा. तो भरल्याखेरीज त्या पक्षाला पुढे काम चालवता येत नाही, त्यामुळे रक्कम लहान असली तरी परिणाम होतो.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी मनिलात राहतो. येथे ताब्याच्या खटल्यात निकाल वेळेवर दिला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना दंड केल्याच्या बातम्या वाचनात येतात. भारतात असे का होत नाही?

फिलिपीन्समधील ही व्यवस्था आपल्याकडच्या वाचकांना फारशी माहीत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तेथील १९८७ च्या राज्यघटनेतच न्यायालयांना निकालाची मुदत घालून दिली आहे: सर्वोच्च न्यायालयाला २४ महिने आणि सर्वांत खालच्या न्यायालयांना प्रकरण निकालासाठी सादर झाल्यापासून तीन महिने. जागेच्या ताब्याची प्रकरणे त्याहून वेगळी काढून १९९१ पासून संक्षिप्त कार्यपद्धतीत टाकण्यात आली. शेवटची शपथपत्रे व निवेदने हाती आल्यावर निकाल ३० दिवसांत द्यावा लागतो, आणि वेळ काढण्यासाठीचे कित्येक अर्ज मुळातच निषिद्ध आहेत. २०२२ साली हे नियम नव्याने बांधले गेले. अशा खटल्यात मालकी कोणाची हे कायमचे ठरवायचे नसते, प्रत्यक्ष ताबा कोणाकडे असावा एवढेच ठरवायचे असते, म्हणूनच इतकी कमी मुदत झेपते.

सर्व न्यायालयांवर प्रशासकीय देखरेख तेथे थेट सर्वोच्च न्यायालयाची आहे, आणि पक्षकाराच्या तक्रारीची छाननी करून त्या न्यायालयाला अहवाल दिला जातो. निकाल देण्यात अवाजवी विलंब हा २००१ च्या नियमांत ‘कमी गंभीर’ दोष होता, आणि त्यासाठी एक ते तीन महिने बिनपगारी निलंबन किंवा १० हजारांहून अधिक, २० हजार पेसोंपर्यंत दंड अशी शिक्षा होती. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढवल्या. शिवाय ९० दिवसांहून जास्त काळ निकालासाठी पडून असलेले एकही प्रकरण आपल्याकडे नाही, असे प्रमाणपत्र न्यायाधीशांना पगार घेण्यासाठी द्यावे लागते. ते खोटे निघाले तर तो स्वतंत्र दोष ठरतो.

या व्यवस्थेतील दंडापेक्षा मला दुसरीच एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. कामाचा बोजा जास्त आहे, प्रकृती ठीक नाही, प्रकरण गुंतागुंतीचे आहे, अशा कारणांनी मुदत पाळता येणार नसेल तर तेथील न्यायाधीशाने आधीच सर्वोच्च न्यायालयाकडे कारणासहित मुदतवाढ मागावी, अशी अपेक्षा असते, आणि ती सहसा दिली जाते. दंड होतो तो मुदतवाढ न मागता गप्प बसणाऱ्याला. ‘काम फार होते’ हा बचाव मग ऐकला जात नाही, कारण काम फार होते तर तसे कळवायला हवे होते. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या, पण फाइलींखाली दबलेल्या न्यायाधीशाला यात अपमान सोसावा लागत नाही, आणि पक्षकाराला आपला निकाल का अडला हे कळते.

आपल्याकडे आदेश २० मध्ये ३० आणि ६० दिवस लिहिलेले आहेत, पण एकसष्टाव्या दिवशी कोणाला काय कळवायचे हे लिहिलेले नाही. ६० दिवस उलटले की न्यायाधीशांनी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे मुदतवाढीची विनंती करावी आणि तिची नोंद रोजनाम्यात यावी, एवढा बदल उच्च न्यायालयांना आपल्या पातळीवर करता येण्यासारखा आहे. मात्र दंडाची पद्धत जशीच्या तशी उचलावी, याला माझा विरोध आहे. फिलिपीन्समध्येही न्यायदान रखडतेच, आणि दंडाच्या भीतीने घाईघाईत लिहिलेला निकाल अपिलात फिरला तर पक्षकाराची आणखी काही वर्षे जातात. आपल्याकडे निकालांच्या संख्येवरून न्यायाधीशांना गुण देण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामुळे सोपी प्रकरणे आधी उरकून वादग्रस्त जुनी प्रकरणे तळाशी ढकलण्याचा मोह होतो, हे न्यायालयात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

प्रश्न : लघुवाद न्यायालयाचा ताब्याचा हुकूमनामा २०१९ सालीच माझ्या बाजूने झाला. अपील फेटाळले गेले. दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल केली, तर बेलिफ गेल्यावर दारात भलताच मनुष्य उभा राहून ‘मीच खरा भाडेकरू’ म्हणतो. दरखास्तीतही तारखाच. हा विलंब कोणाचा समजायचा?

आपल्या प्रश्नात न्यायाधीशांची जबाबदारी आता पूर्वीपेक्षा अधिक नेमकेपणाने ठरवलेली आहे. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि अधिक वेळ लागला तर कारण लेखी नोंदवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने राहुल शाह प्रकरणात २०२१ साली सांगितले. ते फारसे पाळले गेले नाही. मार्च २०२५ मध्ये पेरियम्माल या तमिळनाडूतील प्रकरणात न्यायालय एक पाऊल पुढे गेले: सर्व उच्च न्यायालयांनी आपापल्या जिल्ह्यांतील प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करून त्या सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आदेश द्यावेत, आणि तसे न झाल्यास संबंधित पीठासीन अधिकारी, म्हणजे ती दरखास्त चालवणारे न्यायाधीश, उच्च न्यायालयाला प्रशासकीय बाजूने उत्तरदायी राहील. ऑक्टोबर २०२५ मध्ये आढावा घेतला तेव्हा देशभरात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती प्रलंबित असल्याचे समोर आले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, ३ लाख ४० हजारांहून अधिक, निघाला. भाडे नियंत्रण कायद्याची इतकी जुनी परंपरा असलेल्या राज्याला हा क्रमांक शोभणारा नाही.

तेव्हा आपल्या दरखास्तीत सहा महिने उलटून गेले असतील आणि कारण नोंदवलेले नसेल, तर वर सांगितलेल्या पद्धतीने शपथपत्रासह केलेला अर्ज या वेळी नुसती तक्रार राहत नाही, त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार असतो. तरीही आधी दारातल्या मनुष्याचा बंदोबस्त करावा. त्याच्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ९७ खाली अर्ज करावा लागतो, ज्याला मुंबईच्या न्यायालयात सगळे ‘ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटीस’ म्हणतात. त्याचा हक्क खरा की बनावट हे दरखास्तीतच ठरते, वेगळा दावा लावावा लागत नाही. या नोटिशीत पुन्हा साक्षीपुरावे सुरू होतात आणि आणखी काही वर्षे जातात, हा नेहमीचा अनुभव आहे, म्हणून पहिल्याच तारखेला त्या मनुष्याकडून त्याचा ताबा केव्हापासून आणि कोणत्या कागदावर आहे, हे शपथेवर मागवून घ्यावे. दावा चालू असताना मूळ भाडेकरूने त्याला आत आणले असेल तर त्याला स्वतंत्र हक्क मिळत नाही, आणि मग पुरावा नोंदवण्याची गरजही सहसा उरत नाही. वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादी यांच्या तारखा आधीच जमवून ठेवाव्यात.

त्याला वर अपील करून स्थगिती मिळालीच, तर ती फुकट मिळू नये. आत्माराम प्रॉपर्टीज (२००४) आणि महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपरमॅक्स (२००९) या दोन निर्णयांच्या आधारे, हुकूमनाम्यानंतर जागा वापरणाऱ्याने जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाला धरून रक्कम दरमहा न्यायालयात भरावी, अशी अट मागता येते. गिरगावात किंवा दादरमध्ये ही रक्कम मूळ भाड्याच्या कित्येक पट निघते, आणि ती भरण्याची वेळ आली की तारखा मागणारे पक्षकार तडजोडीची बोलणी करायला स्वतःहून येतात. अर्जासोबत त्याच परिसरातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारांच्या दोन-तीन प्रती जोडाव्यात. नुसत्या अंदाजावर न्यायालय रक्कम ठरवत नाही.